मागची गल्ली

बास लाऊच्या मेंढवाड्यातून निघालो तेव्हा
पाठ ओली होती
आणि पायात एकच बूट.

वाट फुटेल तिकडे जावं म्हणतात.
कारूच्या माळावर वाट फुटत नाही.
खुरटी झुडपं, काटेरी तार, पुन्हा तार,
आणि रूळ.
रुळांना धरून दोन रात्री चाललो.
दिवसा मोरीत झोपलो,
रिकाम्या कासवाच्या पाठीवर डोकं टेकून.

आईचा पत्ता एवढाच होता:
गाव विटक्लूफ, मागच्या अंगणात अंजीर.
पत्र दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
खाली सहीच्या जागी
पिठाचं बोट उमटलेलं.

स्टेशनवर दोन दारं.
मला वाचता येत नव्हतं,
पण दार वाचायला अक्षर कशाला लागतं?
एकाला पितळेची मूठ होती, चकचकीत.
दुसऱ्याला मूठच नव्हती.

गावातली झाडंसुद्धा ओळीत उभी,
कुणीतरी दम दिल्यासारखी.
घरं पुढून सगळी सारखी: जाळीचा व्हरांडा,
कुंड्या, कुत्रं.
एक पडदा हलला.
एका म्हाताऱ्यानं पाइप न काढता
नुसतं बोट केलं रुळांपलीकडे.
नाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही.
कानातली खूण बघून
मेंढरू कुणाच्या कळपातलं ते मीही असंच सांगायचो.

पलीकडे पत्र्याची घरं, शेणीचा धूर.
नळाशी एका पोरीनं विचारलं, कुणाचा तू?
राखेलचा.
ती हसली. आमच्याकडे सात राखेल आहेत,
साती जणी तिकडे कामाला,
तिकडेच झोपतात. रविवारी ये.
तो मंगळवार होता.

नऊचा भोंगा झाला.
त्यानंतर आमच्या रंगाचं माणूस तिकडे दिसलं
की पोलीस कागद मागत.
फक्त झोलिलेच्या गाडीला कुणी काही विचारत नसे.
दोन खेचरं, एक कंदील, चाळीस बादल्या.
वास आधी यायचा, मग गाडी.
पोलीस नाक दाबून तोंड फिरवायचे.

चढ, म्हणाला. रडायचं असेल तर तोंडानं श्वास घे.

त्या रात्री मला कळलं
की या गावाला आणखी एक रस्ता आहे,
सगळ्या घरांच्या पाठीमागून जाणारा.
झोलिलेला एकाही मालकाचं तोंड माहीत नव्हतं.
तो घरं ओळखायचा वजनावरून.
हे मॅजिस्ट्रेटचं. पाहुणे आलेत.
हे पाद्रीबाबाचं. बिचारा, चार दिवस झाले.
मला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा,
आणि हसताना पाठ दुखली.

अंजीर? चौदावं दार.
पडलेली दोन मी रोज उचलतो, बोलू नकोस कुठे.

भिंतीत खालच्या बाजूला लाकडी झडप होती.
त्यानं बादली ओढून घेतली
आणि म्हणाला, जा.
मी गेलो. कसा, ते सांगत नाही.

आई मेणबत्ती घेऊन आली.
जवळ नाही घेतलं.
आधी विचारलं: कुणी पाहिलं तुला?
मग घेतलं.
तिच्या गळ्याला दुसऱ्या लेकराच्या पावडरीचा वास होता.

तिची खोली म्हणजे एक खाट.
खाटेचे पाय तीन तीन विटांवर चढवलेले,
कारण टोकोलोशे नावाचं बुटकं भूत
रात्री येतं आणि झोपलेल्याला धरतं;
उंच खाटेवर त्याचा हात पुरत नाही.
त्या भुताचे उपकार.
खाली माझ्यापुरती जागा झाली.

तिथं मी अकरा महिने राहिलो.
दिवसा गोणपाटावर, रात्री अंगणात, अंजिराखाली.
चमच्याचा आवाज न करता जेवायला शिकलो.
शिंक गिळायला शिकलो.

एकदा घरातली धाकटी, मारेका,
चेंडू शोधत आली आणि वाकली.
आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.
चेंडू मी तिच्याकडे ढकलला.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला:
राखेलच्या खाटेखाली कुणीतरी आहे.
मग मालकिणीचा, खूप प्रेमळ,
समजूत घालणारा:
असं कुणी नसतं, बाळा.